जुन्या तेलविहिरीत आवाज सोडला, गॅस भरला की तेल तिप्पट? (दिरांसाठी विचारतेय)

अवनी_सातारा | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तेलाशी माझा संबंध फोडणीपुरता, म्हणून इथे विचारतेय.

माझे धाकटे दीर आज पुण्यात एका हॉटेलात 'प्रेझेंटेशन'ला जाऊन आले. चहा, ढोकळा आणि पडद्यावर योजना. टेक्सासमधल्या म्हाताऱ्या झालेल्या तेलविहिरी स्वस्तात भाड्याने घ्यायच्या, आत आवाज काढणारं यंत्र सोडायचं, जोडीला कार्बन डायऑक्साइड भरायचा, की उत्पादन तिप्पट. किमान तीन लाख रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पैसे घालावेत का हे विचारत नाहीये, ते सासूबाई बघून घेतील. मला त्यातलं शास्त्र हवंय. दिरांनी मोबाइलवर काढून आणलेल्या फोटोंत चार दावे आहेत:

जमिनीतलं दोन तृतीयांश तेल वर येतच नाही. आवाजाच्या लहरींनी ते खडकातून सुटतं. भूकंपानंतर विहिरींचं उत्पादन वाढल्याच्या नोंदी आहेत. आणि गॅस आणि आवाज एकत्र दिले की परिणामाची बेरीज नाही, गुणाकार होतो.

यंत्राची वारंवारता २० किलोहर्ट्झ लिहिली आहे. खडकात आवाजाचा वेग सेकंदाला ३००० मीटर धरला तर तरंगलांबी आली १५ सेंटिमीटर. एवढी आखूड लहर दगडातून किती लांब जाणार? दिरांना हे विचारलं तर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सगळीकडे पेपर तपासायची सवय लागलीय."

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ | रविवार, रात्री १०:०५

आमच्या गणपतीत डीजे लागला की समोरच्या वडापावच्या गाडीवरची कढई डचमळते. आवाजाने तेल बाहेर येतं हे या डोळ्यांनी पाहिलंय. (हलके घ्या. वाचतोय.)

रॉडपंप | सोमवार, सकाळी ६:५०

ताई, चारपैकी तीन गोष्टी थोड्याफार खऱ्या आहेत. म्हणूनच तर असल्या योजना खपतात.

माझी ३१ वर्षं तेलात गेली. पहिली अकरा मेहसाण्याला, मग चौदा दिवस समुद्रावर आणि चौदा दिवस घरी असा प्रकार, शेवटची काही पनवेलला टेबलापाशी. आता वाईला असतो. झोप लवकर उघडते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला दावा. तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं असतं असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ते दगडात असतं. विहीर खणताना दगडाचा जो दांडा काढतात, कोअर म्हणतो आम्ही, तो हातात घेतला तर पाट्याच्या दगडासारखाच लागतो. फक्त रॉकेलसारखा वास येतो, आणि वर्तमानपत्रावर ठेवला की खाली डाग पडतो. दगडाच्या कणांमध्ये मायक्रोमीटरमध्ये मोजायच्या फटी असतात, तेल त्यात. सुरुवातीला जमिनीतल्या दाबावर थोडं आपसूक येतं, मग खालून पाणी दाबून आणखी काढतात. आपल्या मुंबई हायचंच घ्या. १९७४ ला सापडलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं, १९८४ पासून तिथे पाणी भरतोय. एवढं करूनही जगात सरासरी एक तृतीयांशच्या आसपासच तेल हाती लागतं. म्हणजे पहिला दावा पास.

उरलेलं का येत नाही? तुम्ही शिकवता तेच, पृष्ठताण. पाणी मोकळ्या वाटेने पुढे निघून जातं आणि तेलाचे थेंब मागे फटीत अडकतात. मोठ्या पोकळीतून अरुंद गळ्यात शिरायचं तर थेंबाला स्वतःला पिळवटून घ्यावं लागतं. गळ्याची त्रिज्या ५ मायक्रोमीटर, पोकळीची २०, तेल-पाण्यातला पृष्ठताण मीटरला ३० मिलिन्यूटन धरा. थेंब ढकलायला साधारण ९००० पास्कल लागतील. आता विहिरीपासून दूर, खडकात वाहत्या पाण्याचा दाब मीटरला फार तर दहा-वीस हजार पास्कलने उतरतो. मिलिमीटरभर लांबीच्या थेंबाच्या दोन टोकांत मिळाले दहा-वीस पास्कल. हवेत नऊ हजार. तो थेंब जन्मभर तिथेच.

आता आवाज. पीठ चाळताना चाळणी थापटतात ना, तसंच काम ते करू शकतं. अडलेलं पीठ सुटतं, पण खाली पडतं ते वजनाने. खाली ओढणारं काही नसेल तर थापटून हात दुखतील, बाकी काही नाही. म्हणजे लहर हवी, आणि जोडीला आधीच चालू असलेला प्रवाहही हवा.

भूकंपाच्या नोंदी खऱ्या. २१ जुलै १९५२ ला कॅलिफोर्नियातल्या केर्न परगण्यात मोठा भूकंप झाला, तो भाग तेलाचाच. तिथे काही विहिरींचे दाब आणि उत्पादन वाढल्याची नोंद आहे. १९७० च्या दागेस्तानच्या भूकंपानंतर सोव्हिएत लोकांनीही असं लिहून ठेवलं. मग त्यांनी पृष्ठभागावर २० टनी कंपनयंत्रं ठेवून मुद्दाम जमीन हलवून पाहिली. क्रास्नोदारकडच्या एका क्षेत्रात विहिरीतून येणाऱ्या पाण्याचं प्रमाण घटल्याचं त्यांनी नोंदवलंय. पण भूकंपात सगळ्याच विहिरी सुधारत नाहीत, काही बिघडतात. पडद्यावर दाखवतात त्या सुधारलेल्याच.

तुमच्या वारंवारतेच्या प्रश्नात सगळी मेख आहे. ढोबळ हिशेबाने २० किलोहर्ट्झची लहर खडकात मीटरभर गेली की तिची उंची तिसऱ्या हिश्श्यावर येते. पसरल्यामुळे होणारी घट वेगळीच. २० हर्ट्झची लहर घेतली तर तरंगलांबी १५० मीटर, आणि तेवढीच घट व्हायला किलोमीटरभर जावं लागतं. विहिरीत सोडलेलं अल्ट्रासाउंडचं यंत्र विहिरीच्या भिंतीपलीकडे हातभर काम करतं. तेवढ्यात ते उपयोगी असतं हेही खरं. सोनाराकडे काळवंडलेली साखळी निळ्या पाण्याच्या डबीत टाकून लखलखीत काढतात, तसंच. मेण, गाळ, क्षार बसून विहिरीच्या भिंतीजवळच्या फटी बुजल्या असतील तर त्या मोकळ्या होतात आणि विहीर तिच्या मूळ ताकदीने वाहू लागते. हेच काम आम्ही वर्षानुवर्षं अ‍ॅसिडने करत आलो. दूर खडकात अडकलेल्या थेंबांना त्याचा पत्ताही लागत नाही.

एक माझी फजिती सांगतो. उत्तर गुजरातेतल्या एका जुन्या विहिरीत असंच यंत्र सोडून पाहिलं होतं. आधी दिवसाला ४ घनमीटर येत होतं, नंतर ७. मी पेढे वाटले, रात्री बसून अहवाल लिहिला. सहा आठवड्यांत आकडा साडेचारवर. मग डायरी उघडली. यंत्र सोडायचं म्हणून आतली नळी आणि रॉड वर काढले होते, म्हणजे विहीर चार दिवस बंद. बंद विहिरीत भोवतालचं तेल हळूहळू गोळा होतं आणि सुरू केली की काही आठवडे धो धो येतं. परत बसवताना झिजलेला पंप बदलून नवा घातला होता. शेवटी टिकला तो अर्धा घनमीटर पंपाचा. अहवाल मीच मागे घेतला, पेढे काही परत मागता आले नाहीत.

गॅसचं संध्याकाळी लिहितो, नातवाला शाळेत सोडायचंय.

टवाळ | सोमवार, सकाळी ८:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). पेढ्यांबद्दल सहवेदना.

अवनी_सातारा | सोमवार, दुपारी ३:२०

काका, दंडवत! मधल्या सुट्टीत तुमचे आकडे फळ्यावर मांडून पाहिले. लहरीने खडक हलला की थेंबावर जडत्वाचं बल येईल. त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, म्हणजे गुरुत्वाच्या दहाव्या हिश्श्याइतकं, तर मीटरला १००० पास्कल. थेंबाच्या मिलिमीटरला १ पास्कल! हवेत ९०००, प्रवाहाकडून मिळतात १०-२०, आवाजाकडून १. मग सोव्हिएत लोकांना जे दिसलं ते दिसलं कसं?

रॉडपंप | सोमवार, संध्याकाळी ७:३०

हिशेब बरोबर. सगळे थेंब सारखे नसतात, हे त्याचं उत्तर. काही लांबलचक असतात, काहींचा गळा रुंद असतो, काही सुटायच्या अगदी बेतात असतात. त्या काठावरच्यांना एक पास्कलही पुरतो. शिवाय हलण्याने दोन थेंब जुळून एक लांब थेंब होतो, आणि लांब थेंब सुटायला सोपा. म्हणून परिणाम शून्य नसतो. पण किती, हे त्या खडकात काठावरचे थेंब किती आहेत यावर. ते आधी कुणाला सांगता येत नाही, त्यामुळे 'तिप्पट' हा शब्द ऐकला की मी खुर्ची मागे सरकवतो.

आता गॅस. आवाज थेंबाला धक्का देतो, गॅस कुलूपच काढून टाकतो. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि सुमारे ७३ वातावरण दाबाच्या पुढे गेला की ना धड वायू ना धड द्रव. घनता द्रवासारखी, वाहणं वायूसारखं. तो तेलात विरघळतो, तेल फुगतं, पातळ होतं. दाब पुरेसा असेल तर तेलातले हलके घटक गॅसमध्ये आणि गॅस तेलात अशी देवघेव होऊन दोघांतली सीमाच नाहीशी होते. सीमा गेली की पृष्ठताण शून्य, आणि ताई, तुमच्या फळ्यावरचे ते नऊ हजारही शून्य. आमच्यात याला 'मिसिबल' म्हणतात. दाब कमी पडला तर फायदा अर्धामुर्धा.

पण गॅस हे जनावर वांड. हलका म्हणून वर चढतो, पातळ म्हणून पुढे पळतो, आणि एकदा वाट सापडली की गुरासारखा रोज त्याच वाटेने जातो. तेल बाजूला राहून गॅसच परत बाहेर येतो. म्हणून थोडा गॅस, थोडं पाणी, परत गॅस, परत पाणी असं आलटून पालटून भरतात.

सगळे गॅस एकाच कामाचे नसतात, हे प्रेझेंटेशनवाले सांगत नाहीत. मेक्सिकोच्या आखातातल्या कांतारेल क्षेत्रात २००० पासून नायट्रोजन भरला, दिवसाला सव्वाशे कोटी घनफुटांच्या जवळपास. तो मिसळायला नव्हता, नुसता दाब टिकवायला. उत्पादन २००४ च्या सुमारास दिवसाला २१ लाख बॅरलवर गेलं आणि मग असं कोसळलं की २००९ मध्ये ७ लाखांच्या आत. तेल लवकर वर आलं आणि वरची गॅसची टोपी तितक्याच वेगाने खाली विहिरींपर्यंत पोचली.

आणि मेहसाण्याची आमची तऱ्हा वेगळीच. बालोल आणि सांथलचं तेल घट्ट, काकवीसारखं. तिथे आम्ही चक्क हवा भरतो आणि हजारेक मीटर खाली थोडं तेल पेटवून देतो. आगीच्या उष्णतेने पुढचं तेल पातळ होतं, ज्वलनाचे वायू त्याला ढकलतात. बालोलला १९९० मध्ये प्रयोग झाला, १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर. पावसाळ्यात त्या माळावर उभं राहिलं की पायाखाली आग चालू आहे यावर विश्वास बसत नाही. बायकोला एकदा दाखवायला नेलं होतं. ती म्हणाली, "काहीच दिसत नाही, उगीच तीन तास गाडीत बसवलंत."

राहिला चौथा दावा, गुणाकाराचा. तो नापास. प्रयोगशाळेत बोटाएवढ्या कोअरमध्ये आवाजाने गॅस आणि तेल लवकर मिसळतात हे दिसतं, पण अल्ट्रासाउंडने तो तुकडा गरमही होतो. गरम तेल आपोआपच पातळ, मग श्रेय आवाजाचं की उष्णतेचं? आणि खडकात पाण्या-तेलाबरोबर मोकळा गॅस थोडा जरी असला तरी तो लहर भराभर शोषून घेतो. पेल्यावर चमचा मारून बघा: साध्या पाण्याचा पेला खणखणतो, ताज्या सोड्याचा थडथडतो. म्हणजे जिथे गॅस भरला तिथेच आवाजाचा दम आधी तुटतो.

मिडलंडकर | मंगळवार, सकाळी ११:१०

मी मूळचा अकोल्याचा, नऊ वर्षांपासून पश्चिम टेक्सासात, कार्बन डायऑक्साइडच्याच कामावर. काकांच्या शास्त्राला माझं पूर्ण अनुमोदन, इथली जमिनीवरची बाजू तेवढी सांगतो.

इथे हे काम जुनंच आहे. स्कर्री परगण्यातल्या सॅकरॉक क्षेत्रात जानेवारी १९७२ पासून हा गॅस भरतात. सुरुवातीला तो आला दक्षिणेकडच्या नैसर्गिक वायूच्या कारखान्यांतून, जिथे तो एरवी हवेत सोडून देत. १९८४ पासून कोलोरॅडोतल्या मॅकेल्मो डोमच्या नैसर्गिक साठ्यातून ८०० किलोमीटरच्या पाइपलाइनने टेक्सासात येतो. म्हणजे पाइप, कॉम्प्रेसर, तेलाबरोबर परत आलेला गॅस वेगळा करून पुन्हा भरायची यंत्रणा, असा सगळा पसारा लागतो. दोन-चार विहिरी भाड्याने घेऊन सिलिंडरने भरायचं काम नाही हे. एक साधी गोष्ट पाहा. सॅकरॉकचं तेल २००० मीटरच्या आसपास खोल आहे, तेवढ्या खोलीवर दाब मिळतो. म्हाताऱ्या, स्वस्त मिळणाऱ्या विहिरी बऱ्याचदा उथळ असतात. उथळ विहिरीत मिसळण्याएवढा दाब दिला तर खडकच फुटेल.

गॅस पाण्याला भेटला की आम्ल होतं आणि साधं पोलाद खातं. माझा निम्मा दिवस गंज बघण्यात जातो. उन्हाळ्यात ४० अंशांत एखादा व्हॉल्व्ह गळायला लागला की त्यावर पांढरा बर्फ साचतो, कोरडा बर्फ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात लावायचा मोह झाला होता, मुकादमाने अशी शिवी घातली की अजून लक्षात आहे. हा गॅस हवेपेक्षा जड, खोलगट जागी बसून राहतो. फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ अशी पाइपलाइन फुटली, तेव्हा ४५ जण दवाखान्यात पोचले. ऑक्सिजन नसल्याने गाड्यांची इंजिनंसुद्धा बंद पडली.

आता दिरांसाठी कामाचं. टेक्सासमध्ये तेलाचा कारभार रेलरोड कमिशन बघतं. (नावावर जाऊ नका, रेल्वेचा आता काही संबंध उरलेला नाही.) कुठल्या लीजमधून (म्हणजे तेल काढायला भाड्याने घेतलेल्या जमिनीतून) कुठल्या महिन्यात किती तेल निघालं हे त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतं. गॅस भरायचा असेल तर परवानाही त्यांचाच लागतो. त्या लोकांकडे लीज नंबर मागा. आणि विहीर शेवटी सिमेंटने बुजवायचा खर्च ती चालवणाऱ्याच्या गळ्यात पडतो हेही विचारा. स्वस्त विहीर स्वस्त का मिळते, त्याचं अर्धं उत्तर तिथे आहे. जावई शोधताना मुलाचं वय, पगार विचारता न, तसंच विचाराचं.

टवाळ | मंगळवार, दुपारी १:००

अवांतर: मग आपल्याकडे हा गॅस का नाही भरत? कारखान्यांच्या चिमण्यांतून तर फुकट मिळतो.

रॉडपंप | मंगळवार, रात्री ८:४५

फुकट नाही मिळत हो. चिमणीतून जातो त्यात मुख्य भाग नायट्रोजन असतो, कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, वाळवायचा, दाबायचा, न्यायचा, या सगळ्याला पैसे पडतात. ओएनजीसी आणि इंडियन ऑइलने २०१९ मध्ये यासाठी करार केला आहे. कोयाळीच्या रिफायनरीत गॅस पकडायचा आणि भरूच जिल्ह्यातल्या गंधार क्षेत्रात भरायचा असा बेत. जागा चांगली निवडलीय. तेल हलकं, अंतर आवाक्यातलं. मी अजून दहा वर्षं लहान असतो तर अर्ज केला असता.

मिडलंडकर, गंजावर वेगळा धागा काढाच. आम्हीही पाइप गमावलेत.

अवनी_सातारा | गुरुवार, रात्री ९:१५

सर्वांचे मनापासून आभार. हकीकत सांगते.

दिरांनी काल त्या माणसाला फोन केला, मी शेजारीच बसले होते. वारंवारता किती आणि लहर किती मीटर जाते, असं विचारलं. म्हणाला, ते पेटंटमध्ये आहे, सांगता येत नाही. (फोटोत २० किलोहर्ट्झ ठळक अक्षरांत छापलंय!) विहिरी किती खोल? "वेगवेगळ्या." यंत्र सोडण्याआधीच्या वर्षभराचे आकडे? "ते तुम्हाला काय समजणार?" इथे दिरांचा आवाज थोडा चढला. शेवटी लीज नंबर मागितला, तर म्हणाला नोंदणीचे ११ हजार भरा, मग देतो.

फोन ठेवल्यावर दीर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "ते मुकादमाने शिवी घातली ते परत वाच ना."

काका, एक शंका राहिलीय. थेंब जुळून लांब होतो असं तुम्ही लिहिलंत. लांबी दुप्पट झाली तर त्याला मिळणारा दाबही दुप्पट, पण गळ्याचे ९००० तेच राहतात, बरोबर? म्हणजे एका गळ्यापाशी अडलेला थेंब मीटरला २०,००० पास्कलच्या प्रवाहात सुटायला ४५ सेंटिमीटर लांब हवा. हे मला फारच वाटतंय. कुठे चुकतेय?

रॉडपंप | शुक्रवार, सकाळी ६:३०

चुकत नाही आहात. म्हणूनच नुसत्या पाण्याने ते सुटत नाहीत. विहिरीजवळ प्रवाहाचा दाब मीटरला याच्या कितीतरी पट असतो, तिथे सुटतात. दूरवर एकतर दाबाचा उतार वाढवायचा, नाहीतर पृष्ठताण कमी करायचा. तो हजारपट कमी झाला तर तुमचे ४५ सेंटिमीटर अर्ध्या मिलिमीटरवर येतात. साबणासारखी रसायनं आणि मिसिबल गॅस तेच करतात. मुलांना हाच हिशेब पृष्ठताणाचे आकडे बदलून घालायला द्या, त्यांना तेलाचं कळेल आणि तुमचा धडाही होईल.

आणि दिरांना सांगा, वाईला आले तर घरी यावं. माझ्याकडे कोअरचा एक तुकडा आहे, अजून वास येतो.